गोव्याहून पहिल्यांदा मुंबईला? मग या चुका टाळा

मला फोन येतो तो निघायच्या आदल्या रात्री. तिकीट काढून झालेलं असतं, खोलीचे पैसे भरलेले असतात, बॅगेत काजू, आमसुलं आणि मावशीसाठी जत्रेतलं खाजं कोंबून झालेलं असतं. आणि मग विचारतात, “तू मुंबईत होतास ना रे? काय काय बघायचं ते सांग.”

काय बघायचं ते कुठलंही पोर मोबाइलवर सांगेल. गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक कुठं पळून जात नाहीत. माणसं फसतात ती खोली घेताना आणि लोकलमध्ये चढताना. तेवढं सोडून बाकी सगळं विचारतात. मी फोंड्याचा, शिक्षणासाठी सहा वर्षं मुंबईत होतो. तेव्हापासून वाड्यावरच्या निम्म्या लोकांना हेच सांगत आलोय. आता लिहूनच ठेवतो.

“मुंबईतच आहे ना ती खोली!”

आपल्याला अंतर कळतं, पण ते गोव्याचं. फोंड्याहून पणजी साधारण ३० किलोमीटर. स्कूटर काढली की पाऊण-एक तासात माणूस पणजी बाजारात. पेडण्यापासून काणकोणपर्यंत अख्खा गोवा उभा धरला तरी १०० किलोमीटरच्या जरा वर. त्यामुळे मॅपवर ४० किलोमीटर दिसलं तरी आपल्याला काही वाटत नाही.

आमच्या भावोजींनाही वाटलं नाही. ताई, भाचा, भाची आणि ते, असे चौघं तीन दिवसांसाठी निघाले. भावोजींनी मीरा रोडला खोली घेतली, कारण फोर्टातल्या खोलीच्या निम्म्या पैशांत मिळत होती. मी म्हटलं, बघायचं सगळं दक्षिणेला आहे, खोली एवढ्या उत्तरेला कशाला? तर म्हणाले, “लोकल आहे ना.”

लोकल आहेच. पण सकाळी साडेआठला विरारहून भरून आलेली गाडी मीरा रोडला फक्त थांबते, तिच्यात माणूस मावतो असं नाही. चार गाड्या सोडल्या. पाचवीला ताई आणि भाची लेडीज डब्यात कशाबशा शिरल्या, भावोजी आणि भाचा फलाटावरच राहिले. चौघांची तिकिटं भावोजींच्या खिशात. ताईचा मोबाइल भावोजींच्या पाठीवरच्या सॅकमध्ये, “गर्दीत चोरीला जाईल” म्हणून. ताईच्या हातात काय, तर पोळीभाजीचा डबा आणि पाण्याची बाटली.

ताईने शहाणपणा केला. गाडी जिथं संपते तिथं म्हणजे चर्चगेटला उतरली आणि मोठ्या इंडिकेटरखाली उभी राहिली ती हललीच नाही. भावोजींनी उलटं केलं. त्यांना वाटलं, ही पुढच्या स्टेशनवर उतरून थांबली असेल. म्हणून बोरिवलीला उतरून शोधलं, अंधेरीला उतरून शोधलं, दादरला तर दोनदा पूल चढून उतरले. चर्चगेटला पोचले तेव्हा पावणेबारा वाजले होते, आणि भाची तिथंच बसून डबा संपवत होती. गेटवे त्या दिवशी बघितला की नाही, हे मी विचारायचं धाडस केलेलं नाही.

माझी पद्धत सोपी आहे. आधी कागदावर जायची ठिकाणं लिहायची. मग प्रत्येकापुढं रेल्वेची लाईन. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून विरार-डहाणूकडे जाते, मध्य रेल्वे सीएसएमटीहून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ठाणे-कल्याणकडे, हार्बर सीएसएमटीहून वाशी-पनवेलकडे. ज्या लाईनवर जास्त ठिकाणं येतील त्या लाईनवर खोली, आणि तीसुद्धा स्टेशनपासून दहा मिनिटं चालत. जाहिरातीत “स्टेशनपासून पाच मिनिटं” लिहिलेलं असेल तर ती पाच मिनिटं पहाटे चारची, आणि तीही गाडीने, असं समजायचं. शहर बघायचं असेल तर फोर्ट, ग्रँट रोड किंवा दादर. परळला टाटा हॉस्पिटलसाठी जाणाऱ्यांनी परळ-दादर सोडून कुठंही खोली घेऊ नये, भले दोन पैसे जास्त जावोत. आजारी माणसाला घेऊन लोकलचे दोन बदल करायचे म्हणजे काय, ते मी केलंय.

आणि अगदीच लांब राहावं लागलं, तर जिथून गाड्या सुटतात ते स्टेशन निवडा. बोरिवलीहून सुटणारी गाडी बोरिवलीला रिकामी लागते, ठाण्याहून सुटणारी ठाण्याला. नातेवाइकांकडे डोंबिवलीला उतरणाऱ्यांना मी काही सांगत नाही. मावशी हॉटेलात राहू देणार नाही, हे मलाही माहीत आहे. पण त्यांच्या घरी सकाळी एकच बाथरूम आणि ऑफिसला निघालेली तीन माणसं असतात. साडेनऊपर्यंत अंथरुणातच पडून राहणं हा मोठा उपकार. नंतर गाड्याही जरा सैल होतात.

लोकलमध्ये “बघू, उतरू”

ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून जरा सविस्तर. साल २००१. मुंबईत येऊन चार दिवस झाले होते. संध्याकाळी साडेसहाला दादरहून अंधेरीला मावशीकडे जायचं होतं. समोर विरार फास्ट लागली. अंधेरीला थांबते हे मी विचारून घेतलं होतं, त्यामुळे स्वतःला फार हुशार समजत होतो. चढलो, म्हणजे मागच्यांनी चढवलं. आत सरकत सरकत पार पलीकडच्या दाराच्या पुढे गेलो. एका काकांनी विचारलं, “कुठं उतरणार?” म्हटलं, “अंधेरी.” ते शेजारच्याकडे बघून हसले आणि मला म्हणाले, “आता बोरिवली.”

मला वाटलं थट्टा करतायत. अंधेरी आली, फलाट दिसला, फलाटावरचा वडापावाचा स्टॉलसुद्धा दिसला. दाराशी विरारची मंडळी भिंतीसारखी उभी. मी “उतरायचंय, उतरायचंय” म्हणेपर्यंत वीस सेकंद संपली. जलद गाडी अंधेरीनंतर थेट बोरिवलीला थांबली. तिथं मी उतरलो तो एका पायात चप्पल घेऊन. मावशीसाठी नेलेल्या खाज्याचं पीठ झालं होतं. मावशीने ते टाकलं नाही, दुधात घालून दिलं. तेवढंच.

त्या काकांची चूक नव्हती. लांब जाणाऱ्या गाडीत जवळच्या माणसाने चढू नये, हा तिथला अलिखित कायदा आहे. विरारवाल्याला पुढं तासभर उभं राहायचं असतं, तुमच्या अंधेरीसाठी तो जागा का सोडेल? अंधेरीला जायचं तर अंधेरीला संपणारी किंवा फार तर बोरिवलीची गाडी घ्या. इंडिकेटरवर गाडी कुठवर जाणार ते असतं, वेळ असते आणि जलद की धीमी तेही असतं. तिन्ही गोष्टी वाचल्याशिवाय मी आजही चढत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने सरळ धीमी पकडावी. वीस मिनिटं जास्त जातील. पण आपल्याकडच्या पोरांना हे पटत नाही, रीलमध्ये “४८ तासांत मुंबई” बघितलेली असते ना! ४८ तासांतले किती तास पुलावर जातात हे त्या रीलमध्ये नसतं.

चढल्यावर शेजाऱ्याला एवढंच विचारायचं: “अमुक स्टेशन कुठल्या बाजूला येणार?” आणि एक स्टेशन आधीच त्या दाराकडे सरकायला लागायचं. सॅक पाठीवरून काढून पोटावर. पहिल्या वर्गाच्या डब्यात दुसऱ्या वर्गाचं तिकीट घेऊन चढू नका. डब्याबाहेर रंगीत पट्टे असतात, आतली माणसं सारखीच दिसतात, आणि टीसीला “आम्ही गोव्याचे, माहीत नव्हतं” हे सांगून काही उपयोग होत नाही. तिकीट रिटर्न काढा, परतीची रांग वाचते.

रविवारी मेगाब्लॉक असतो. मध्य आणि हार्बरवर जवळपास दर रविवारी दिवसा काही तास काही टप्प्यांतल्या गाड्या बंद किंवा वळवलेल्या. आदल्या दिवशीचा पेपर बघा.

नावांचा घोळ

मुंबई सेंट्रल हे स्टेशन मध्य रेल्वेवर नाही, पश्चिम रेल्वेवर आहे. वांद्रे टर्मिनस आणि वांद्रे स्टेशन वेगळी. एलटीटीला, म्हणजे लोकमान्य टिळक टर्मिनसला, जुनी माणसं अजून कुर्ला टर्मिनस म्हणतात, पण कुर्ला लोकल स्टेशनवर उतरून तिथवर सामान ओढत जाणं म्हणजे शिक्षा. व्हीटी, सीएसटी आणि सीएसएमटी एकच. एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. विमानतळालाही छत्रपती शिवाजी महाराजांचंच नाव आहे, त्यामुळे टॅक्सीवाल्याला नुसतं “शिवाजी महाराज टर्मिनस” सांगू नका. स्टेशन की विमानतळ ते सांगा, विमानतळ असेल तर टर्मिनल १ की २ तेही. आता नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय, आणि आपल्याकडे दाबोळी आणि मोपा आहेतच. तिकिटावरचे दोन्ही विमानतळ मोठ्याने वाचून मगच पैसे भरा.

कोकणकन्या पहाटे पोचते. सगळे सीएसएमटीचं तिकीट काढतात आणि तिथं उतरून पुन्हा उलटे दादरला येतात. गाडी ठाणे आणि दादरलाही थांबते हो!

रिक्षा, टॅक्सी, मेट्रो

आपल्याकडे पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसायच्या आधी भाडं ठरवायची सवय. तिथं मीटर चालतो, भाव करत बसलात तर ओळखतात की नवा आहे. २०२५ च्या फेब्रुवारीपासून रिक्षाचं किमान भाडं २६ आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं ३१ रुपये झालं. माहीम आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालतच नाही, तिथं फोर्टात उभं राहून रिक्षाला हात करणारे आपलेच लोक.

भुयारी मेट्रो ३ मात्र नवख्यासाठी देवासारखी. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, ३३.५ किलोमीटर. विमानतळ, दादर, सिद्धिविनायक, गिरगाव, सीएसएमटी, चर्चगेट सगळं एका ओळीत. लोकलचा अनुभव घ्यायचाच म्हणून तिच्याकडे पाठ फिरवणाऱ्यांना माझी चप्पल आठवावी.

बंद वार

घारापुरीची लेणी सोमवारी बंद. बोरिवलीचं नॅशनल पार्कही सोमवारी बंद. राणीची बाग आणि तिथलंच भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाला गर्दी, अंगारकीला तर विचारूच नका. हाजी अलीला जायचा रस्ता भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो, तेव्हा भरतीची वेळ बघून निघा.

“पाऊस काय आम्हाला नवा?”

नवा नाही. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, मुंबईपेक्षा जास्तच. म्हणूनच आपण फसतो. आपल्याकडे पाणी डोंगरावरून ओहोळात, ओहोळातून नदीत निघून जातं. मुंबईत पाणी समुद्रात सोडायचं असतं. मोठी भरती असली की समुद्रच ते घेत नाही, नाल्यांची तोंडं पाण्याखाली जातात. मग हिंदमाता, मिलन सबवे असल्या सखल जागा तुंबतात आणि रुळांवर पाणी आलं की लोकल उभी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस तर निराळाच, पण साध्या जुलैतसुद्धा मी भरतीचं वेळापत्रक बघतो. साडेचार मीटरच्या वर भरती आणि आभाळ काळं असेल तर खोलीच्या आसपासच फिरतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकही बदलतं, गाड्या सावकाश धावतात. पोचल्या दिवशी दुपारच्या नाटकाचं तिकीट काढू नका.

परतीचं तिकीट “तिथं गेल्यावर बघू”

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. जाताना आणि येताना, दोन्ही तिकिटं त्याच बैठकीत काढा. विशेषतः चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी. तेव्हा मुंबईला जाणारी गाडी आरामात मिळते, आणि त्या आरामालाच माणूस भुलतो. कारण येताना सगळा चाकरमानी आपल्याच दिशेला निघालेला असतो. आमच्या वाड्यावरचे एक काका असेच डोळे तपासायला गेले, चवथीच्या दोन दिवस आधी परत येतो म्हणून. रेल्वेत वेटिंग, खासगी बसचं भाडं तिप्पट, शेवटी पनवेलहून तीन बसगाड्या बदलत आले. घरी पोचले तेव्हा पुतण्याने गणपती आणून बसवला होता, आणि ४० वर्षं काकांनी कुणाला हात लावू न दिलेली माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची रानफळापानांची सजावट, शेजारच्या पोरांनी बांधली होती. कवंडाळं (माटोळीतली रानफळं) एकाच बाजूला जास्त टांगली होती, असं काका अजून म्हणतात.