‘हे बरं की मघाचं?’ : माणसाच्या आवडीप्रमाणे जुळवून घेणाऱ्या कंट्रोलच्या कामात येणाऱ्यांसाठी

मेकॅट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन केलेली मुलं हमखास विचारतात, “सर, जेनेटिक अल्गोरिदम शिकलो की या कामात शिरता येईल ना?” अल्गोरिदम, म्हणजे उत्क्रांतीसारखी निवड करत उत्तर शोधणारी पद्धत, महिनाभरात येतो हो. गाडीवर बसलेल्या माणसाला नीट प्रश्न विचारता येणं, याला मात्र वेळ लागतो, आणि कॉलेजात ते कुणी शिकवत नाही.

मी इलेक्ट्रिक दुचाकींच्या कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे गाडीचे आकडे जुळवण्याच्या कामात आहे, म्हणून उदाहरण तिथलंच देतो. मूठ पिळली की मोटरनं किती टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर) द्यायचा, तो किती झपाट्यानं चढवायचा, मूठ सोडल्यावर रीजन ब्रेकिंग (मोटरच ब्रेकसारखी वापरून बॅटरीत ऊर्जा परत घेणं) किती जोरात लागू द्यायचं, हे सगळं कंट्रोलरमधल्या चार-सहा आकड्यांवर ठरतं. एकाला सिग्नल सुटताच उसळणारी गाडी हवी असते, दुसऱ्याच्या मागे म्हातारी आई बसते आणि त्याला एकही झटका नको असतो. ‘योग्य’ आकडा असा नसतोच. मग आकड्यांचा प्रत्येक संच म्हणजे एक उमेदवार धरायचा, चालवणाऱ्याला जे बरे वाटले त्यांचे आकडे एकमेकांत मिसळायचे, थोडे इकडेतिकडे हलवायचे आणि पुढची पिढी त्याच्यापुढे ठेवायची. उमेदवार किती चांगला ते ठरवणाऱ्या सूत्राच्या, म्हणजे फिटनेस फंक्शनच्या जागी इथे चक्क माणूस बसलेला असतो.

कल्पना जुनी आहे. १९६०च्या दशकात बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात रेशेनबर्ग आणि श्वेफेल यांनी बिजागऱ्यांनी जोडलेली पट्टी वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तिचे कोन यदृच्छेनं बदलत नेले होते. उत्क्रांतीच्या या पद्धतीची सुरुवातच खऱ्या वस्तूवर झाली, हे मला फार आवडतं. जपानमध्ये ताकागी यांनी माणसाला या चक्रात बसवण्याच्या कामांचा मोठा आढावा २००१ मध्ये लिहिला. वाचायची सुरुवात तिथूनच करा. पुढे त्यांनी आणि ओसाकी यांनी श्रवणयंत्रं वापरणाऱ्याच्या पसंतीनं जुळवण्यासाठी हीच पद्धत वापरली. यामाहा मोटरच्या संशोधकांनीही १९९०च्या दशकाच्या अखेरीस वाहनांसाठी यावर काम केलं होतं.

आता खरी अडचण. सिम्युलेशनमध्ये शंभर उमेदवार आणि दोनशे पिढ्या सहज चालवता येतात. माणूस मात्र पंधरा-वीस फेऱ्यांनंतर कंटाळतो आणि “चालेल, हेच ठेवा” म्हणू लागतो. हे वाक्य ऐकू आलं की चाचणी तिथेच थांबवा, पुढचा डेटा कचरा असतो. दहापैकी गुणही मागू नका. सकाळचा सात आणि दुपारचा सात एक नसतात. चष्म्याचा नंबर काढणारा विचारतो तसं विचारा : हे बरं की मघाचं? सीएमए-ईएस ही उत्क्रांतीच्याच घराण्यातली शोधपद्धत इथे कामी येते, कारण तिला गुण लागतच नाहीत, उमेदवारांचा क्रम पुरतो. शिवाय तिची पिढी लहान असते. चार पॅरामीटर (जुळवायचे आकडे) असतील तर तिच्या नेहमीच्या सूत्रानं ८ उमेदवार पुरतात, दहा असतील तर १०. म्हणून पॅरामीटर आधी छाटा. ज्याचा फरक चालवणाऱ्याला जाणवतच नाही, तो आकडा शोधात ठेवून काय उपयोग?

चाचणीच्या काही गोष्टी पुस्तकात सापडत नाहीत. बॅटरी उतरत गेली की त्याच सेटिंगची गाडी मठ्ठ वाटते, तेव्हा चार्ज ठरावीक पट्ट्यातच ठेवायचा. उमेदवारांचा क्रम दर वेळी बदलायचा. मध्येच एक जुनाच उमेदवार गुपचूप परत द्यायचा. त्याच्याबद्दलचं मत उलटलं, तर माणूस थकलाय किंवा दोन सेटिंगमधला फरकच जाणवण्याइतका नाही. आणि तो जे बोलतो ते त्याच्याच शब्दांत टिपून ठेवायचं. “पिकअप झकास आहे, पण मूठ सोडली की गाडी मागून कुणीतरी धरल्यासारखी वाटते,” या एका वाक्यावरून रीजन कुठे कमी करायचं ते कळतं. नुसत्या ‘आवडलं नाही’ या शेऱ्यावरून काहीच कळत नाही.

आवड आणि फायदा यांची गल्लतही करू नका. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या गटानं घोट्यावरच्या एक्सोस्केलेटनचे (चालायला मदत करणाऱ्या, अंगावर चढवायच्या यांत्रिक सांगाड्याचे) चार पॅरामीटर सीएमए-ईएसनं जुळवले. प्रत्येक सेटिंगवर दोन मिनिटं चालणं, श्वासावरून ऊर्जेचा अंदाज, अशी तासाभराची प्रक्रिया. मदत बंद ठेवून चालण्याच्या तुलनेत ऊर्जा सरासरी २४ टक्क्यांनी वाचली. भारी काम आहे, पण तिथे शरीराला विचारलं होतं, माणसाला नाही. वर, आवड सवयीनं बदलते. पहिल्या दिवशी सौम्य थ्रॉटल मागणारा महिन्यानं “जरा मिळमिळीत वाटते” म्हणतो, म्हणून काही दिवसांनी चाचणी पुन्हा घ्यावीच लागते.

सुरक्षेबाबत माझं मत कडक आहे. उत्क्रांतीला मोटरचा विद्युतप्रवाह सांभाळणाऱ्या आतल्या करंट लूपला हात लावू द्यायचा नाही. तिनं फक्त वरच्या थरातले आकडे बदलायचे, तेही आधीच तपासलेल्या मर्यादेत, आणि गाडी उभी असतानाच. चालत्या गाडीत मॅप, म्हणजे हे आकडे बदलून प्रयोग करणाऱ्याच्या टीममध्ये मी तरी जाणार नाही.

अभ्यास म्हणाल तर पीआयडी आणि स्टेट स्पेस या कंट्रोलच्या मूळ पद्धती पक्क्या हव्यात. कॅन बसवरचा (गाडीतल्या कंट्रोलरना जोडणाऱ्या तारांवरचा) डेटा वाचता आला पाहिजे. पायथन हवंच. थोडं स्टॅटिस्टिक्स हवं, विशेषतः विल्कॉक्सनसारख्या क्रमावर चालणाऱ्या चाचण्या. आयआयटी कानपूरमध्ये कल्याणमय देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एनएसजीए-टू हा एकाच वेळी अनेक उद्दिष्टं सांभाळणारा अल्गोरिदम समजून घ्या. टॉर्क आणि रेंज यांची ओढाताण असली की तो लागतोच. प्रोजेक्टसाठी गाडीच पाहिजे असं नाही. जॉयस्टिकवर चालणारी छोटी रोबोट गाडी घ्या, तिचे तीन आकडे निवडा आणि घरातल्या चार जणांना चालवायला द्या. आजोबांचं आणि धाकट्या भावाचं सेटिंग किती वेगळं निघतं ते आलेखात दाखवा. मुलाखतीत मी असला प्रोजेक्ट आधी उघडून बघतो.

नोकरीच्या जाहिरातीत ‘इव्होल्यूशनरी’ हा शब्द शोधत बसू नका, क्वचितच सापडेल. कॅलिब्रेशन, ड्रायव्हेबिलिटी, कंट्रोल्स, ह्यूमन फॅक्टर्स या नावांखाली शोधा. पुणे, चाकणकडे वाहनांचं काम आहे. वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांकडे लोक सहसा बघत नाहीत, तिथेही अर्ज टाका.