एकच काडतूस, जोडीची दोन हत्यारं

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. इथे जुन्या हत्यारांची हौस लागलीच, तर थर्टी-टू ट्वेंटी (.32-20) या काडतुसापासून सुरुवात करा, असं मी आग्रहाने सांगतो. विंचेस्टरने १८८२ मध्ये आपल्या १८७३ मॉडेलच्या लिव्हर रायफलसाठी (खालचा दांडा ओढून पुढची गोळी भरायची रायफल) हे काडतूस काढलं. १८८४ पासून कोल्टचं सिंगल अ‍ॅक्शन (दर वेळी अंगठ्याने हॅमर, म्हणजे घोडा, मागे ओढायचं) रिव्हॉल्व्हरही त्यात मिळू लागलं. म्हणजे कमरेला एकच पट्टा, काडतुसं दोन्हीकडे चालतात. धक्का तर नावालाच!

आधी जाणत्या गनस्मिथकडून, म्हणजे बंदुकांच्या कारागिराकडून, दोन्ही तपासून घ्या. ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेला जुना डबा मिळाला, तर ती काडतुसं यांत अजिबात घालू नका. ती १८९२ मॉडेलच्या भक्कम रायफलसाठी होती. शिशाची गोळी, दारूचा हलका भार, बस्स. कानाला, डोळ्यांना संरक्षण हवंच.

रिव्हॉल्व्हर भरताना नळी निशाण्याकडेच ठेवा. हॅमर अर्ध्यावर ओढा, चक्रातलं एक घर भरा, एक सोडा, पुढची चार भरा. आता हॅमर पूर्ण मागे घेऊन अंगठ्याने अलगद खाली आणा, तो रिकाम्या घरावर टेकतो. सहावी गोळी नकोच. हॅमरला नुसता मार बसला तरी ती उडू शकते.

रायफलचा लिव्हर मात्र बिचकत नको. टोकापर्यंत, एका दमात ओढा.