नागपुरात क्लायमेटचा ग्रुप सुरू करायचाय? असं करा
आधी कॉलेजचे चार-पाच मित्र पकडा, नाव-लोगो नंतर बघू. सुरुवात उन्हापासूनच करा भाऊ, हिमनद्या वितळतायत म्हटलं तर इथं कोणी थांबत नाही पण मे मधे पारा ४५ वर जातो ते सगळेच भोगतात. साधा थर्मामीटर घ्या, दुपारी बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) एकदा टिनाच्या शेडखाली अन एकदा कडुनिंबाखाली धरा, दोन्ही आकडे खडूने पाटीवर लिहा, लोकं स्वतःहून विचारतात. मग २३ सप्टेंबर २०२३ चा विषय काढा, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला अन पाणी घराघरात शिरलं, ज्यांनी ते पाहिलं त्यांनाच बोलू द्या, मधे भाषण ठोकू नका. कोराडीच्या कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रावर बोलताना तिथल्या कामगारांच्या पोटाचाही विचार करा, हे फार महत्त्वाचं आहे. रॅली असेल तर पोलीस परवानगी आधीच काढा.