प्लॅटिनमवर ऑक्सिजन कधी चढतो, कधी उतरतो

प्लॅटिनमवर ऑक्सिजन ज्या व्होल्टेजला चढतो, त्याच व्होल्टेजला उतरत नाही. एमएस्सीच्या प्रयोगशाळेत हे सहज दिसतं. निम्मा वेळ मात्र भांडी स्वच्छ करण्यात जातो, आणि जायलाच हवा.

काचेची भांडी रात्रभर पोटॅशियम परमँगनेटच्या सौम्य आम्लयुक्त द्रावणात ठेवा. (यात तीव्र सल्फ्युरिक ॲसिड कधीही ओतू नका, स्फोट होतो.) सकाळी हायड्रोजन पेरॉक्साइड घातलेल्या सौम्य आम्लाने तपकिरी थर काढा आणि १८.२ मेगाओमच्या (म्हणजे अतिशुद्ध) पाण्यात तीनदा उकळा. त्यानंतर नळाचं पाणी लावायचं नाही. नाशिकच्या गंगापूर धरणाचं पाणी प्यायला उत्तम, पण त्यातलं क्लोराइड प्लॅटिनमला चिकटून ऑक्सिजनची जागा अडवतं. सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोडही याच कारणाने टाळा, आरएचई (रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोड) वापरा. खालचे सगळे व्होल्ट त्याच मापाने आहेत.

थोड्या पाण्यात ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिड ६.८ मिली हळूहळू सोडा, थंड झाल्यावर २५० मिली करा: ०.५ मोलर. ०.५ मिमी जाडीची प्लॅटिनमची तार ज्योतीत लाल करून १ सेंमी बुडवा. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या विक्रेत्याकडून वेल्डिंगचा आर्गॉन नको, ९९.९९९ टक्क्यांचा मागा. विरघळलेली हवा हाकलायला तो अर्धा तास द्रावणातून सोडा, मग नळी द्रावणाच्या वर घ्या.

आता तारेचं व्होल्टेज ०.०५ ते १.४ व्होल्टमध्ये, सेकंदाला १०० मिलिव्होल्ट या वेगाने, वर-खाली फिरवा आणि विद्युतप्रवाहाचा आलेख काढा. लागोपाठचे आलेख एकमेकांवर बसेपर्यंत फेऱ्या चालू द्या. ०.४ पर्यंत हायड्रोजनची शिखरं, मग सपाट पट्टा, ०.८५ च्या आसपास ऑक्साइड सुरू. परतीचं, म्हणजे ऑक्सिजन उतरण्याचं, शिखर साधारण ०.७५ ला येतं.

आता वरची मर्यादा १.०, १.२, १.४ अशी वाढवत न्या. शिखर मोठं होतं आणि खाली सरकतं. जास्त व्होल्टेजला ऑक्सिजन आणि प्लॅटिनमचे अणू जागा बदलतात. आत गेलेला ऑक्सिजन बाहेर काढायला जास्त ओढ लागते. प्रयोगाचा गाभा हाच.

०.८ च्या खाली सगळी रेष ऋण बाजूला झुकली, तर हवा शिरली आहे. नाशिक ६०० मीटरवर असल्याने २५ अंशाला हवेतून पाण्यात लिटरमागे ७.७ मिलिग्रॅमच ऑक्सिजन विरघळतो, समुद्रसपाटीला ८.३, पण आलेख बिघडवायला तेवढाही पुरतो. हायड्रोजनची शिखरं बोथट दिसली, तर सेंद्रिय मळ.

शेवटी हायड्रोजनचा प्रभार, डबल लेयरचा (तारेलगत आयनांच्या थरात नुसत्या साठणाऱ्या प्रभाराचा) भाग वजा करून, मोजा. चौरस सेंमीला २१० मायक्रोकूलोंब धरले, तर ०.१६ चौरस सेंमी तारेला किमान ३३ मायक्रोकूलोंब भरायला हवेत. कमी भरले, तर तार पुन्हा ज्योतीत.