सांगली-मिरजेत जुनी छोटी एसयूव्ही घेताय? आधी सीटखाली हात घाला

‘ब्रेझा घेऊ की नेक्सॉन?’ हा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी माझ्या दुकानात येतच असतं. मिरजेत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे. सेल्फ, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा), वायरिंग, सेन्सर, एवढंच. इंजिन मी उघडत नाही. तरी पाहुणे, शेजारी, भाचे जुनी गाडी बघायला मलाच ओढून नेतात, आणि माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: ही गाडी २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कुठं उभी होती?

२०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. गावभाग, मारुती चौक, सांगलीवाडी, पलूस आणि वाळव्याकडची गावं, सगळीकडं दारातल्या गाड्या दारातच बुडाल्या. दोन वर्षांनी पुन्हा तेच झालं, आणि त्याच वेळी तिकडं चिपळूणही पाण्याखाली होतं. त्या गाड्या गेल्या कुठं? ज्यांचा पूर्ण विमा होता त्यांना टोटल लॉसचे, म्हणजे गाडी दुरुस्तीपलीकडं गेली असं धरून पैसे मिळाले आणि गाडी बोलीत निघाली. घेणाऱ्यानं धुतली, सुकवली, चमकवली आणि दुसऱ्या जिल्ह्यात विकली. ज्यांचा फक्त थर्ड पार्टी (स्वतःच्या गाडीचं नुकसान न भरणारा विमा) होता त्यांनी घरच्या घरी उन्हात वाळवून वापरायला काढली. यातल्या बऱ्याच आजही फिरतायत. म्हणून सांगलीची एमएच १० म्हणजे धोका आणि पुण्याची एमएच १२ म्हणजे सेफ, असं काही नसतं. रत्नागिरी जिल्ह्याची एमएच ०८ गाडी स्वस्तात मिळत असेल तर चिपळूण आठवायचं. शिवाय किनाऱ्याजवळ राहिलेली असेल तर खाऱ्या हवेनं खालचा पत्रा खाल्लाय का तेही बघायचं.

पाण्यातली गाडी लगेच बंद पडत नाही, खरी फसगत तिथंच होते. पाणी ओसरल्यावर इंजिन सुरू होतं, एसी गार लागतो, गिऱ्हाईक खूश. पण कपलरच्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडाच्या आत ओल आणि गाळ बसलेला असतो. तांब्याच्या वायरीत पाणी आवरणाच्या आतून वर चढतं आणि हळूहळू तांबं हिरवं पडून भुसभुशीत होतं. मग सहा महिन्यांनी कधी एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) लाइट लागतो, कधी काच आपोआप खाली जाते, कधी सेंट्रल लॉक रात्री दोनला खाटखाट करतं. एक वायर बदलली की दुसरी. असली गाडी दुरुस्त होत नाही, सांभाळावी लागते.

तपासायचं असं. ड्रायव्हरचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी थांबेपर्यंत. रोजच्या वापरात न येणारा शेवटचा हातभर पट्टा कोणी धूत नाही. तिथं मातकट रेघ किंवा डाग दिसला की ओळखायचं. मग मागच्या सीटचा बसायचा भाग उचला. बऱ्याच गाड्यांत तो दोन क्लिपांवर असतो, जोरात वर ओढला की निघतो. खाली बोटं फिरवा, बोल्टच्या खाचा बघा. पुढच्या सीटच्या रेल्सना आतून गंज आहे का बघा. डॅशबोर्डखाली मोबाइलचा टॉर्च मारून ब्रॅकेट आणि स्क्रू तपासा. छतावर पाऊस पडून तिथं गंज चढत नाही. डिकीतलं स्टेपनीचं खोरं कोरडं असलं तरी जॅक ठेवायच्या कोपऱ्यात गाळ राहतो. सीटखाली पिवळा कपलर दिसला तर तो मात्र ओढू नका, पिवळा म्हणजे एअरबॅगची लाइन. बाकीचे पांढरे-काळे कपलर मालकाला विचारून एखादा सोडवा आणि पिना बघा. स्वच्छ पिना चकचकीत असतात. पाणी लागलेल्यांवर हिरवट-पांढरी भुकटी असते.

तासगावचा भाचा मला एक पांढरी गाडी बघायला घेऊन गेला होता. ‘मामा, एकदम कडक आहे, नवे सीट कव्हर, नवं मॅटिंग, आत सेंट.’ सहा वर्षांच्या गाडीला अचानक नवं मॅटिंग का, हेच मला खटकलं. मागची सीट उचलली, बोल्टच्या आट्यांत काळी पूड. व्यापारी म्हणाला, ‘रानातलं आहे हो ते, शेतकऱ्याची गाडी.’ रानातली माती पायांनी येते, ती मॅटवर पडते. सीटखालच्या बोल्टच्या आट्यात चढायला तिला पाणी लागतं. काचा लावून हीटर दहा मिनिटं चालवला तेव्हा सेंट विरला आणि नदीकाठचा वास यायला लागला. भाच्यानं टोकन दिलं नव्हतं, हे बरं.

कागदावरूनही पाणी कळतं, ही युक्ती फार लोक वापरत नाहीत. विम्याच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस बघा. क्लेम न घेता वर्षं जातील तसा तो २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के होतो. एका क्लेमला शून्यावर येतो. पहिला मालक, गाडी २०१८ ची, आणि २०२२ च्या पॉलिसीवर बोनस शून्य किंवा वीस? मग मधे काय झालं ते विचारा. अपघातही असू शकतो, किंवा विमा संपून ९० दिवसांच्या वर गेले असतील. पण उत्तर सरळ आलं पाहिजे. ‘आमची गाडी पुरात कुपवाडला मेव्हण्याकडं नेऊन लावली होती’ हे खरंही असतं, खूप जणांनी तसं केलं. खरं असेल तर माणूस जुन्या पॉलिसी दाखवायला कां-कूं करत नाही.

आता गाडी कुठली घ्यायची. रोजचा रस्ता सांगली-मिरज, मुलांची शाळा, महिन्यात एखादं कोल्हापूर असेल तर पेट्रोल घ्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झालं. त्यापुढच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सर लाइनमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो स्वतःला साफ करायला गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. गावातल्या गावात फिरवली की तो चोंदतो आणि खर्च मोठा येतो. पुणे-बेंगळुरू हायवेला नेहमी जाणं असेल तर डिझेलला हरकत नाही.

२०१६ ते २०२० मधली ब्रेझा फक्त डिझेलमध्येच आली. तिचं १.३ चं इंजिन स्विफ्टमधलंच, त्यामुळं विट्याला असो की जतला, ते उघडणारा मिस्त्री मिळतो. चढाला टर्बो जरा उशिरा उठतो, एवढी सवय करावी लागते. नेक्सॉन २०१७ ला आली आणि २०१८ ला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच स्टार मिळवले. घरातले चौघं रात्री-बेरात्री हायवेनं जात असतील तर मी याला वजन देतो. व्हेन्यू आणि एक्सयूव्ही ३०० या २०१९ च्या, सॉनेट २०२० ची. इकोस्पोर्ट चालवायला माझी आवडती, पण फोर्डनं २०२१ ला इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. तेव्हा घेण्याआधी हेडलाइट, आरसा, बंपर कुठं आणि कितीला मिळतो ते विचारून घ्या. डिझेल असेल तर टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. बहुतेक इकोस्पोर्टची स्टेपनी मागच्या दाराला टांगलेली असते, म्हणून दार उघडून वर-खाली हलवून बिजागरी ढिली आहे का तेही बघा. आणि रोज रानातच जायचं असेल, खताची पोती टाकायची असतील, तर हे सगळं सोडून बोलेरो बघा.

गाडी बघायला सकाळी जा, आणि ‘आम्ही येईपर्यंत सुरू करू नका’ असं आदल्या दिवशी सांगा. गेल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर कोणीतरी काहीतरी झाकतंय. माझ्याकडं मल्टिमीटर असतो, तुम्हीही एखादा साधा घ्या, फार महाग येत नाही. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. सेल्फ मारताना आकडा १० च्या आसपास किंवा वर राहिला पाहिजे. सुरू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५. मग हेडलाइट, एसीचा पंखा, मागच्या काचेचा डीफॉगर सगळं एकदम लावा. आकडा साडेतेराच्या खूप खाली घसरत असेल तर अल्टरनेटर किंवा अर्थिंगचा प्रश्न आहे. चावी ऑन केल्यावर एअरबॅग, एबीएस, इंजिन हे लाइट लागून विझले पाहिजेत. न लागणं हे न विझण्याइतकंच वाईट, कारण काही महाभाग तो लाइटच काढून टाकतात.

बॅटरीजवळ काळी टेप गुंडाळलेले जोड किती आहेत ते मोजा. डबल हॉर्न, एलईडी बार, बूटमध्ये बेस ट्यूब, मागच्या काचेवर कोणातरी दादांचा फोटो, असली गाडी माझ्या धंद्याला चांगली, तुम्हाला नाही. मूळ हार्नेस (कंपनीनं बांधलेला वायरींचा जुडगा) कापून फ्यूजशिवाय ओढलेली लाइन कधी पेट घेईल सांगता येत नाही.

ऊसतोडीच्या हंगामात बिनलाइटच्या ट्रॉलीला मागून धडकलेल्या गाड्या आपल्याकडं कमी नाहीत. बॉनेटचे आणि फेंडरचे बोल्ट बघा. पाना लागलेला बोल्ट कडेला रंग उडालेला असतो, म्हणजे तो भाग कधीतरी उघडलाय. सगळ्या काचांवर कंपनीचा छाप एकच आहे का बघा. टायरवरचा चार आकडी कोड वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटरवर वीस हजार किलोमीटर आणि चारही टायर नुकतेच बदललेले? मग मीटर मागं फिरवलेलं असण्याची शक्यता धरा. क्लचच्या पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची उजवी कड मीटरपेक्षा खरं बोलतात. मालकालाच सांगा, अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिस हिस्टरी काढून आणायला.

टेस्ट ड्राइव्ह गल्लीत फिरवून होत नाही. इकडची गाडी असेल तर दंडोबाच्या डोंगरावर न्या, साताऱ्याची असेल तर यवतेश्वरचा घाट आहेच. चढावर मध्येच थांबा, हँडब्रेक ओढा, पुन्हा उचला. क्लच जळाल्याचा वास, इंजिनचा आवाज वाढतोय पण गाडी सरकत नाही, असं झालं की क्लचप्लेटचे पैसे भावातून वजा करायचे. उतरताना रेडिओ बंद, काचा खाली, आणि खड्ड्यात खालून येणारा आवाज ऐकायचा.

भावाचं बोलताना एक गोष्ट लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला. आधी २८ आणि वर सेस होता. मालक ‘मी इतक्याला घेतली होती’ म्हणून बसलेला असतो. तुम्ही आजचा नव्या गाडीचा ऑनरोड भाव काढा आणि तिथून खाली या. दोन वर्षांच्या गाडीत तर कधीकधी फरक इतका कमी निघतो की नवीच परवडते. दसरा आणि पाडव्याला एक्स्चेंजमध्ये खूप गाड्या येतात, त्यानंतरचे आठवडे घेणाऱ्याचे.

कागदांत आरसीवर कर्जाचा बोजा आहे का ते आधी. आपल्याकडं पतसंस्थेचं कर्ज पुष्कळ, आणि हप्ते फिटले तरी आरसीवरचं नाव तसंच राहतं. कर्ज देणाऱ्याची एनओसी (ना-हरकत) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. चलनं ऑनलाइन बघता येतात, गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे लागतात. चिकोडीकडची केए २३ गाडी स्वस्त दिसते, पण तिथल्या आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरल्यावर हिशोब पुन्हा मांडा. दिल्लीहून आलेल्या डिझेल गाड्यांचंही तेच, तिथं दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदी आली होती म्हणून त्या इकडं आल्या. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचाच राहतो.

पैसे बँकेतून द्या, गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या. आणि दोन्ही चाव्या मागा. ‘दुसरी घरी कुठंतरी आहे’ म्हणाला तर ती सापडेपर्यंत चहा घेत बसा. इमोबिलायझरची (आतली चिप जुळली तरच गाडी सुरू करणारी) नवी चावी करून प्रोग्राम करायचा खर्च माझ्याच दुकानात ऐकून लोक गप्प होतात.