बोललेलं लिहिणारं, लिहिलेलं वाचणारं ॲप घरी कसं बनवावं

माझ्या बाबांना कमी ऐकू येतं आणि आईला बारीक अक्षर दिसत नाही. आई स्वयंपाकघरातून काही विचारते, बाबा भलतंच उत्तर देतात, आणि दोघंही दिवसभर दमतात. म्हणून मी दोन बटणांचं एक ॲप केलं. ‘बोला’ दाबलं की बोललेलं मोठ्या अक्षरांत उमटतं, ‘ऐका’ दाबलं की लिहिलेलं मोठ्याने वाचलं जातं. प्रोग्रामिंग येत नसलं तरी दोन संध्याकाळींत हे जमतं.

मी एमआयटी ॲप इन्व्हेंटर वापरलं. २०१० साली गूगलने सुरू केलेलं हे साधन आता अमेरिकेतलं एमआयटी हे विद्यापीठ सांभाळतं. ते मोफत आहे आणि संगणकाच्या ब्राउझरमध्येच चालतं. कोड लिहायच्या ऐवजी रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात.

सुरुवात मात्र फोनपासून करा. आवाज ओळखण्याचं आणि वाचून दाखवण्याचं खरं काम फोनमधल्या सेवा करतात, आपलं ॲप त्यांना फक्त हाक मारतं. फोनच्या सेटिंगमध्ये ‘टेक्स्ट टू स्पीच’ शोधा, भाषा मराठी करा, आवाज डाउनलोड करून नमुना ऐका. मग कीबोर्डवरच्या माइकने मराठीत एखादं वाक्य बोलून पाहा. इथेच मराठी नीट येत नसेल, तर आधी ते सोडवा.

आता संगणकावर नवीन प्रोजेक्ट उघडा आणि त्याला रोमन अक्षरांत नाव द्या. डिझायनरमध्ये, म्हणजे ॲपचा पडदा मांडायच्या पानावर, एक टेक्स्टबॉक्स (मजकुराची चौकट) आणि दोन बटणं ओढून आणा. एकापेक्षा जास्त ओळी मावाव्यात म्हणून टेक्स्टबॉक्सला ‘मल्टिलाइन’ची खूण करा आणि अक्षराचा आकार निदान २८ ठेवा. मीडिया या कप्प्यातून ‘स्पीच रेकग्नायझर’ (बोललेलं ओळखणारा) आणि ‘टेक्स्ट टू स्पीच’ (लिहिलेलं वाचणारा) घ्या. ते पडद्यावर दिसत नाहीत, खालच्या पट्टीत जाऊन बसतात.

मग ब्लॉक्समध्ये, म्हणजे ठोकळे जोडायच्या पानावर, जा. ‘बोला’च्या क्लिकमध्ये रेकग्नायझरचा ‘गेट टेक्स्ट’ ठोकळा अडकवा. ‘आफ्टर गेटिंग टेक्स्ट’ या घटनेत मिळालेला मजकूर टेक्स्टबॉक्समध्ये भरा. ‘ऐका’च्या क्लिकमध्ये ‘स्पीक’ हा ठोकळा लावून त्याला टेक्स्टबॉक्समधला मजकूर द्या. एवढ्यावर ॲप चालू लागतं.

भाषा सांगायला विसरू नका, नाहीतर फोनची जी भाषा असेल तीच धरली जाते. रेकग्नायझरच्या भाषेच्या चौकटीत रोमन लिपीत छोटं एम, छोटं आर, आडवी रेघ, मोठं आय, मोठं एन असं लिहा. वाचणाऱ्या भागाला भाषा आणि देश वेगवेगळे द्यावे लागतात. ते मी स्क्रीन सुरू होतानाच्या ठोकळ्यात दिले. बोलण्याचा वेग १ असतो, आईसाठी तो ०.८ केला.

रेकग्नायझरला ‘यूज लेगसी’ नावाची एक खूण असते. ती काढली की मधली वेगळी खिडकी उघडत नाही आणि माणूस बोलत असतानाच अक्षरं उमटत जातात. बाबांना समोरच्याच्या तोंडाकडे पाहता पाहता वाचता यावं, म्हणून मला हे हवंच होतं. पण मग तेच वाक्य अर्धंमुर्धं अनेकदा हाती येतं. आधीच्या मजकुराला नवा जोडायचा असेल, तर ‘आफ्टर गेटिंग टेक्स्ट’मधलं ‘पार्शल’ (अर्धवट) खोटं, म्हणजे ‘फॉल्स’, असेल तेव्हाच जोडा.

सगळ्यात जास्त वेळ मराठीला द्या. औषधांचं वेळापत्रक मी त्यात टाइप करून ‘ऐका’ दाबलं. चिठ्ठीवर ‘१-०-१’ होतं. वाचलेले आकडे ऐकून आई गोंधळली, गोळी किती वाजता घ्यायची हेच तिला कळेना. तेव्हा ‘रिप्लेस ऑल’ ठोकळ्याने वाचण्याआधीच तो मजकूर बदलला: ‘सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक’. ‘रु.’ चं ‘रुपये’, ‘दि.’ चं ‘दिनांक’ असंच केलं. तुमच्या घरात जी लघुरूपं चालतात त्यांची यादी करा, ती दुसऱ्या कुणाकडे तयार मिळणार नाही. औषधाच्या बाबतीत मजकूर एकदा डोळसपणे चिठ्ठीशी ताडून पाहाच.

ओळखताना आकड्यांवर लक्ष ठेवा. एकोणसाठ आणि एकोणसत्तर घाईत बोलले की गफलत होऊ शकते. म्हणून आमच्याकडे नियम आहे: बोला, मग ‘ऐका’ दाबा, मगच निरोप पाठवा. दोन्ही बटणं एकाच ॲपमध्ये हवीत ती यासाठी, एक दुसऱ्याची चूक पकडतं. पिन किंवा ओटीपी मात्र कधीही बोलू नका. ओळखण्यासाठी आवाज बहुतेक वेळा इंटरनेटवरून सर्व्हरकडे जातो, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

चाचणीसाठी फोनवर ‘एआय कम्पॅनियन’ हे जोडीचं ॲप (इथे एआय म्हणजे ॲप इन्व्हेंटर) घ्या आणि संगणकावरचा क्यूआर कोड स्कॅन करा. संगणकावर केलेला बदल लगेच फोनवर दिसतो. फोन घरातल्या माणसाच्या हातात द्या आणि गप्प बसून बघा. आई ‘ऐका’ शोधायला दर वेळी पडद्याच्या वर बोट नेत होती. मी ते बटण अगदी खाली, अंगठ्याजवळ घेतलं आणि पूर्ण रुंदीचं केलं. सगळं मनासारखं झालं की ‘बिल्ड’मधून एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवायची फाइल, बनवा, फोनमध्ये टाका आणि पहिल्यांदा विचारल्यावर माइकची परवानगी द्या.