ऑक्टोबर छाटणीपूर्वी घरी जुळवलेल्या हायड्रॉलिक यंत्राची तपासणी

द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा अवस्थेपासून (डोळे फुटू लागल्यापासून) फुलोऱ्यापर्यंत पाऊस लागला, तर डाउनी या बुरशीजन्य रोगासाठीची प्रत्येक फवारणी वेळेवर होणे गरजेचे असते आणि नेमक्या त्याच वेळी यंत्र ओळीत बंद पडले, तर नुकसान घडांचे होते. नाशिक, सांगली भागातील ज्या बागायतदारांनी जुने इंजिन, गिअर पंप (ऑइल दाबाने ढकलणारा पंप) आणि चाकांना त्या ऑइलच्या दाबावर फिरणारी हायड्रॉलिक मोटर बसवून स्वतः फवारणी यंत्र तयार केले आहे, त्यांनी ते छाटणीआधीच फवारणीची टाकी भरून ओल्या जमिनीत चालवून पाहावे.

यंत्राचा जोर कमी झाला की पहिला हात रिलीफ व्हॉल्व्हच्या (जादा दाब सोडणाऱ्या झडपेच्या) स्क्रूकडे जातो, तो आवरावा. प्रेशर गेज न लावता स्क्रू आवळल्यास पंप किंवा होज फुटण्याची भीती असते आणि मूळ दोष तसाच राहतो.

तपासणीची सुरुवात सक्शन बाजूने, म्हणजे पंप टाकीतून ऑइल ओढतो त्या बाजूने करावी, कारण घरी जुळवलेल्या यंत्रांत दोष बहुधा तिथेच सापडतो. पंप कण्हल्यासारखा आवाज करत असेल आणि ऑइलच्या टाकीत फेस दिसत असेल, तर पंप हवा ओढत आहे असे समजावे. आमच्या यंत्रात हाच त्रास होता. सक्शनच्या क्लिपवर थोडे ऑइल ओतताच आवाज क्षणभर मऊ झाला आणि बाहेरून कोरडा दिसणारा तो जोडच हवा घेत असल्याचे कळले. सक्शन पाइप आखूड व रुंद असावा, ओढीने चपटा होणारा साधा रबरी पाइप वापरू नये, गाळणी साफ करावी आणि ऑइल टाकीत परत आणणाऱ्या रिटर्न पाइपचे तोंड ऑइलच्या पातळीखाली ठेवावे. पावसाळाभर यंत्र उघड्यावर उभे असेल, तर ऑइल काचेच्या बाटलीत काढून पाहावे. रात्रभर ठेवूनही ते दुधाळच राहिले, तर त्यात पाणी शिरले आहे; असे ऑइल पूर्ण बदलावे.

सकाळी ठीक चालणारे यंत्र गरम झाल्यावर ढिले पडत असेल, तर पंपाची किंवा मोटरची आतली झीज तपासावी, कारण तापून पातळ झालेले ऑइल झिजलेल्या फटींतून मागे निसटते. ऑइलची टाकी लहान असली तरी ऑइल तापते. पंप मिनिटाला 20 लिटर ऑइल देत असेल, तर 40 ते 60 लिटरची टाकी चांगली. पंपाला थेट पट्ट्याची पुली लावली असल्यास शाफ्टवर बाजूने ताण येऊन सील आणि बुश लवकर जातात. तिथे वेगळ्या बेअरिंगचा आधार द्यावा.

गळती हाताने चाचपून शोधू नये, पुठ्ठा फिरवून पाहावी. दाबाखालचे ऑइल कातडीत घुसले, तर जखम टाचणीच्या टोकाएवढीच दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही. तरीही त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि आत ऑइल गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.